पाळलेलं कासव पुन्हा पुन्हा आजारी पडतंय? औषध बदलण्याआधी टाकी तपासा (नागपूरकरांसाठी)

डोळे सुजले म्हणून ड्रॉप टाकले, आठवड्यात उघडले, महिनाभरात परत सुजले. कवच मऊ लागतं म्हणून कॅल्शियम सुरू केलं, तरी ते कडक व्हायचं नाव घेत नाही. डिसेंबर लागला की खाणं सोडतं, मार्चमध्ये आपोआप सुरू करतं, पण दर वर्षी थोडं बारीक होऊन. पाणी तर बदललं की तिसऱ्या दिवशी घाण. कासव पाळणाऱ्या नागपुरातल्या घरांमधून मला विचारले जाणारे प्रश्न फिरून फिरून हेच असतात आणि प्रश्नाच्या शेवटी बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: "दुसरं एखादं औषध सांगा ना."

दुसरं औषध नको. आजार उलटून येतो, कारण बरं झालेलं कासव आपण परत त्याच भांड्यात सोडतो ज्या भांड्याने त्याला आजारी पाडलं. डोळे, कवच, फुप्फुसं आणि भूक या चारही तक्रारींचं मूळ राहण्याच्या जागेत सापडण्याची शक्यता खूप मोठी आहे. म्हणून या पोस्टमध्ये औषधांची नावं नाहीत. टाकी कशी तपासायची, कुठली घ्यायची आणि आपल्या गावच्या हवेत ती कशी चालवायची, एवढंच आहे.

सगळ्यात आधी: कासव कोणतं आहे?

हिरवट अंग, कानाच्या जागी लाल पट्टा, पोटाकडची बाजू पिवळी आणि त्यावर गडद ठिपके असतील तर ते रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आपल्याकडे दुकानांत बहुतेक हेच मिळतं आणि पुढचं सगळं याच कासवाबद्दल आहे.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव, म्हणजे स्टार टॉर्टॉइज, किंवा कन्हान-वैनगंगेच्या पट्ट्यात, धानाच्या बांध्यांत, तलावाकाठी सापडणारं चपट्या मऊ कवचाचं आपलं देशी कासव घरात असेल, तर टाकी कोणती घ्यावी हा प्रश्नच उरत नाही. ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरात ठेवणं गुन्हा आहे, मग कुणी प्रेमाने भेट दिलेली असोत की वास्तूसाठी आणलेली. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरशी (वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र) बोला. बॉल पायथन, हिरवा इग्वाना असे परदेशी सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्यांच्या टाकीचं गणितही अगदी वेगळं असतं. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

दुकानातलं भांडं

ताटाएवढं गोल प्लास्टिकचं भांडं, मधे चढण आणि त्यावर हिरवं प्लास्टिकचं ताडाचं झाड. पिल्लू रुपयाच्या दोन नाण्यांएवढं असतं तेव्हा हे भांडं छान दिसतं, आणि दुकानदार सांगतो की कासव भांड्याच्या मापाने वाढतं, मोठं होत नाही. हे साफ खोटं आहे. स्लायडरची मादी २५ ते ३० सेंटिमीटर होते, नर त्याहून लहान राहतो, आणि नीट सांभाळलं तर कासव २०-३० वर्षं आरामात जगतं. भांड्याच्या मापाने जे 'थांबतं' ते उपासमारीने, उन्हाविना आणि घाणीत खुरटलेलं असतं. त्याचं कवच वेडंवाकडं होतं, कडा वर वळतात, आणि पुढे कितीही मोठी टाकी दिली तरी तो आकार पूर्ण सुधारत नाही.

या भांड्यात पाणी दोन इंच. इतक्या कमी पाण्यात एका दिवसाच्या विष्ठेने अमोनिया साचतो आणि तो थेट डोळ्यांना लागतो. त्यात बुडून पोहता येत नाही, पूर्ण कोरडं होता येत नाही, आणि तापमान खोलीच्या हवेबरोबर वर-खाली होतं. तुमचं कासव आत्ता अशा भांड्यात असेल, तर पुढची लक्षणं वाचायच्या आधीच उत्तर मिळालं असं समजा.

माप कसं काढायचं

कवचाची लांबी टेपने पाठीच्या गोलाईवरून मोजू नका, ती जास्त येते. कासव फरशीवर ठेवा, कवचाच्या पुढच्या टोकाला एक पुस्तक उभं टेकवा, मागच्या टोकाला दुसरं, आणि दोन पुस्तकांमधलं अंतर पट्टीने मोजा. ही खरी लांबी.

जगभर पाळणारे एक ढोबळ हिशेब धरतात: कवचाच्या दर इंचामागे सुमारे ३८ लिटर पाणी. म्हणजे चार इंची कासवाला दीडशे लिटर. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत पंधरा इंचापर्यंत पाणी भरलं तर साधारण १६० लिटर बसतं. म्हणून चार इंचांपर्यंतच्या कासवाला तीन फुटी टाकी चालते. पाच-साडेपाच इंचांना चार फूट बाय दीड बाय दीड, त्यात पंधरा इंच पाणी म्हटलं तर २१० लिटरच्या आसपास. त्यापुढे काच परवडत नाही आणि जागाही पुरत नाही. त्याकडे नंतर येतो.

माझं मत विचाराल तर पिल्लासाठीसुद्धा पहिल्याच दिवशी तीन फुटीच घ्या. लहान, मग मध्यम, मग मोठी असं करत गेलेले लोक तिप्पट खर्च करतात आणि कासव प्रत्येक टप्प्यावर वर्ष-सहा महिने दाटीवाटीत काढतं. खोल पाण्यात पिल्लू बुडेल ही भीतीही मनातून काढा. ते पोहणारं कासव आहे. पाण्याची खोली कवचाच्या रुंदीपेक्षा जास्तच हवी, कारण उलटं पडलेलं कासव उथळ पाण्यात सरळ होऊ शकत नाही आणि तसंच अडकून मरतं. फक्त सुरुवातीला पृष्ठभागाजवळ टेकायला एखादा आधार द्या.

वजनाचा विचार दुकानात कुणी बोलून दाखवत नाही. २१० लिटर पाणी म्हणजे २१० किलो, वर काच. टीव्ही युनिट किंवा प्लायवूडच्या कपाटावर ही टाकी ठेवायची नाही. लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या आणि काचेखाली थर्माकोलची शीट घाला, म्हणजे एखाद्या खड्यावर ताण येऊन तळ तडकणार नाही. तळाला बारीक रंगीत खडीही नको. कासव ती गिळतं आणि आतडी तुंबतात. तळ मोकळाच ठेवा, नाहीतर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे ठेवा.

टाकी घरात कुठे

अनेक घरांत कासव वास्तूसाठी आणलेलं असतं आणि त्यामुळे टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात जाते. श्रद्धेला माझा आक्षेप नाही, पण नागपुरात घराच्या उत्तर बाजूला वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, हे लक्षात घ्या. टाकी तिथेच ठेवायची असेल तर दिव्यांची सोय पक्की हवी. आणि एक नक्की टाळा: काचेची टाकी थेट उन्हाच्या खिडकीत. खिडकीची काच कवचाला हवे असलेले अतिनील किरण अडवते, उष्णता मात्र आत सोडते. म्हणजे फायदा काहीच नाही आणि मे महिन्यात पाणी उकडून निघतं.

ऊन, दिवा आणि मऊ कवच

मऊ कवच तपासायची रीत सोपी आहे. कासवाला दोन्ही बाजूंनी नीट धरा आणि मागच्या कडेवर अंगठ्याने हलकेच दाबा. कडा नखासारखी ताठ लागली तर ठीक. जाड कागदासारखी वाकली तर हाडं कच्ची आहेत. अगदी लहान पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतंच, पण कासव सहा महिन्यांचं झाल्यावरही तसंच असेल तर काळजी करा.

कॅल्शियम देऊनही कवच कडक होत नाही, कारण कॅल्शियम शोषायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते कासवाच्या कातडीत यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे तयार होतं. त्यासाठी लहरलांबी २९० ते ३१५ नॅनोमीटर हवी. साधा पिवळा बल्ब, एलईडी, ट्यूबलाइट यांतून ती मिळत नाही. 'निळा यूव्ही बल्ब' म्हणून मिळणाऱ्या कित्येक स्वस्त दिव्यांतूनही मिळत नाही. डब्यावर 'यूव्हीबी' आणि टक्केवारी, म्हणजे ५.० किंवा १०.०, लिहिलेली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची ट्यूब घ्या. ती शेकायच्या जागेपासून, म्हणजे कासव पाण्याबाहेर चढून बसतं त्या फळीपासून, साधारण एक फुटावर लावा, मधे काच किंवा ॲक्रिलिकचं झाकण येऊ देऊ नका, दिवसाला १०-१२ तास चालू ठेवा. दिवा उजेड देत राहतो पण त्यातली यूव्हीबी आधीच संपते. म्हणून वर्षाच्या आत तो बदला आणि लावल्याची तारीख स्टँडवर चिकटवून ठेवा.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगतो, कारण मी ती एकाहून जास्त घरांत पाहिली आहे. माशांच्या दुकानात पाण्यात बुडवून ठेवायचा 'यूव्ही लॅम्प' मिळतो. तो जंतू मारण्यासाठी असतो आणि त्यातून यूव्हीसी, म्हणजे वेगळ्याच प्रकारचे अतिनील किरण, निघते. ती डोळे जाळते, कासवाचेही आणि माणसांचेही. "यूव्ही पाहिजे ना, हे घ्या" असं म्हणून तो दिला जातो. डोळे सुजलेल्या कासवाच्या टाकीत असा उघडा दिवा असेल तर तो आज, आत्ता काढा. ड्रॉप टाकून फायदा का होत नाही याचं कारण कदाचित तेच असेल.

कासवाला यूव्हीबीबरोबर उष्णताही हवी, आणि दोन्ही एकाच जागी. शेकायच्या जागेचा पृष्ठभाग ३२ ते ३५ अंश, पाणी २४ ते २७, आणि पिल्लासाठी थोडं जास्त. हा फरकच कासवाला पाण्याबाहेर काढतो. "आमचं कासव वर चढतच नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा पाणीच ३० अंशांवर असतं. तेवढं गरम पाणी असल्यावर ते वर चढेल कशाला? दुसरी कारणं शोधायची तर फळी पाहा: उतार फार उभा आहे का, पृष्ठभाग गुळगुळीत आहे का, कासव चढलं की फळी बुडते का. पूर्ण अंग पाण्याबाहेर येऊन पोटाखालचं कवचसुद्धा कोरडं झालं पाहिजे. अर्धं ओलं कासव दिवसभर बसून राहिलं तरी त्याला कोरडं होण्याचा फायदा मिळत नाही.

खऱ्या उन्हाला तोड नाही, आणि ते आपल्याकडे भरपूर आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस कासवाला गच्चीवर किंवा अंगणात प्लास्टिकच्या टबमध्ये न्या. तळाला थोडं पाणी, टबचा निम्मा भाग पुठ्ठ्याने झाकलेला, आणि तुम्ही शेजारी बसलेले. थंडीत सकाळी दहा-अकराला अर्धा तास, उन्हाळ्यात साडेआठच्या आत. कावळे आणि मांजरं नजर ठेवूनच असतात, म्हणून कासवाला एकटं सोडून खाली येऊ नका.

नागपूरची हवा: खरी परीक्षा इथे

परदेशी व्हिडिओ बघून मांडलेली टाकी नागपुरात फसते, कारण त्या व्हिडिओतल्या घराचं तापमान वर्षभर एकसारखं असतं. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांवर उतरला होता. हे दोन टोकांचे दिवस सोडले तरी साधा मे आणि साधा जानेवारी यांतलं अंतर कासवासाठी प्रचंड आहे.

म्हणून पहिलं काम हे. दोन थर्मामीटर आणा, एक पाण्यासाठी आणि एक शेकायच्या जागेसाठी. आठवडाभर सकाळी सहाला आणि दुपारी तीनला दोन्ही आकडे कागदावर लिहा. दुपारचा आकडा पाहून सगळे निर्धास्त असतात. पहाटेचा आकडा कुणीच बघितलेला नसतो.

*थंडी.* डिसेंबर-जानेवारीत दुपारी हवा २८ अंश असते आणि पहाटे १०-१२ वर येते. उघड्या टाकीतलं पाणी रात्रीतून सतरा-अठरावर येतं. २० अंशांच्या खाली स्लायडरची भूक मरते, पचन मंदावतं. "ते थंडीत झोपतं, झोपू द्या," असं लोक सांगतात. अमेरिकेत तळ्याच्या तळाशी पाणी महिनोन्‌महिने एकसारखं थंड राहतं, तिथे ते खरोखर निपचित पडून राहतं. नागपुरात मात्र दुपारी जाग आणि पहाटे गारठा असं रोज होतं. ना धड झोप, ना धड जाग. दुपारी ते चार दाणे खातं आणि रात्री ते अन्न पोटात तसंच पडून राहतं. दर हिवाळ्यात कासव खंगत जाण्याचं कारण हेच.

यावर उपाय थर्मोस्टॅट असलेला हीटर, ढोबळ मानाने लिटरला एक वॉट. काचेच्या हीटरवर कासव आपटून तो फोडतं, म्हणून त्याला प्लास्टिकची जाळी हवीच. पाणी बदलण्याआधी प्लग काढायचा आणि हीटर थंड झाल्यावरच पाणी कमी करायचं. नुसतं पाणी गरम करूनही भागत नाही. वरची हवा दहा अंशांवर असेल तर कासव गरम पाण्यातून डोकं काढून थंड हवा ओढतं आणि त्यातून छातीचा संसर्ग होतो. रात्री टाकीचा वरचा दोन-तृतीयांश भाग जाड कापडाने किंवा थर्माकोलने झाका, म्हणजे पाण्यावरची हवाही उबदार राहते. झाकण्याआधी शेकायचा दिवा बंद केला आहे ना, ते पाहा.

*उन्हाळा.* एप्रिल-मेमध्ये हीटर काढून ठेवा. शेकायच्या दिव्याचा टायमर मात्र लोक बदलायला विसरतात. खोलीच ३८ अंशांवर असताना तो दिवा फळीला भाजून काढतो. दुपारी उष्णतेचा दिवा बंद, यूव्हीबीची ट्यूब चालू, असं करा.

आणखी एक गोष्ट आपल्या गावचीच. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं. त्या वेळी नळ सोडून कासवाचं पाणी बदललं तर ते काय होतं, हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी रात्रीच बादल्यांत भरून सावलीत ठेवायचं आणि सकाळी बदलायचं. त्यात नळाच्या पाण्यातला क्लोरीनही बराच उडून जातो. घाई असेल तर माशांच्या दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब वापरा.

पाणी ३० च्या वर जात असेल तर पृष्ठभागावर बाहेरून छोट्या पंख्याचा झोत सोडा. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. बंद बाटलीत गोठवलेलं पाणी टाकीत तरंगत ठेवलं तरी चालतं. सुटा बर्फ टाकू नका. कूलरच्या खोलीत टाकी असेल तर झोत थेट तिच्यावर येणार नाही अशी ठेवा. उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं नवं पाणी ओतत राहिलं की क्षार साचत जातात. काचेवर आणि कवचावर पांढरा थर येतो तो त्यामुळेच, विशेषतः बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तेव्हा. म्हणून काही पाणी काढूनच नवं घाला.

*पावसाळा.* चार-पाच दिवस ऊन नाही, हवा दमट, फळी कायम ओलसर. कवचावर पांढरे-करडे डाग, खड्डे, कुजका वास हे सगळं याच काळात सुरू होतं. लाकडाची फळी काढून टाका. तिच्यावर बुरशी धरते. या दिवसांत यूव्हीबी ट्यूब बंद पडू देऊ नका.

पाणी तिसऱ्या दिवशी का घाण होतं

कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. माशांच्या टाकीतला छोटा स्पंज फिल्टर त्याला पुरत नाही. फिल्टर घेताना खोक्यावरचा लिटरचा आकडा तुमच्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट असावा. डब्यात स्पंज आणि बायोबॉल (जीवाणूंना चिकटायला जागा देणारे प्लास्टिकचे गोळे) भरून वर ठेवलेला घरगुती फिल्टरही चांगला चालतो, पण त्यात कूलरचा पंप टाकू नका. त्याचं इन्सुलेशन खराब झालं की पाण्यात करंट उतरतो, आणि कूलरने किती जीव घेतले आहेत हे आपल्याकडे दर उन्हाळ्यात वाचायला मिळतं. टाकीची सगळी उपकरणं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डवरच लावा, आणि वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर आणा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही.

फिल्टरमध्ये वाढणारे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वसाहत जमायला महिना-दीड महिना लागतो. दर रविवारी फिल्टर नळाखाली चकचकीत धुणारी घरं ती वसाहत दर रविवारी मारतात, आणि मग बुधवारी पाणी वास मारतं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा, बस. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा बदला. चाचणीची किट घेतलीत तर अमोनिया आणि नायट्राइट शून्य आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली यायला हवं. खाणं वेगळ्या टबमध्ये द्यायची सवय लावली तर निम्मी घाण आपोआप कमी होते.

हे पाणी बाथरूममध्ये टाका, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. लहान मुलांना होणाऱ्या संसर्गामुळे अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे. हात लावला की साबणाने धुवायचे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात कासव द्यायचंच नाही.

लक्षणावरून कारणाकडे

डोळे सुजणं: आधी पाणी तपासा, मग दिवा, मग खाणं. नुसत्या वाळलेल्या झिंग्यांवर वाढवलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व कमी पडतं. चांगल्या पेलेट्सबरोबर हिरवा पाला आणि किसलेलं गाजर द्या. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन अंदाजाने देऊ नका. जास्त झालं की कातडी सोलून निघते.

कवच मऊ: यूव्हीबी, उष्णता, आणि कॅल्शियमसाठी पक्ष्यांच्या दुकानातलं समुद्रफेन पाण्यात सोडा. कडक व्हायला महिने लागतात, तोवर दर पंधरा दिवसांनी वजन आणि लांबी लिहून ठेवा.

एका बाजूला कलून तरंगणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून मान वर ताणून श्वास घेणं: हा न्यूमोनिया असू शकतो आणि यात टाकी दुरुस्त करत बसायला वेळ नाही. त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर कासव बघत नाहीत, म्हणून आधी फोनवर विचारून घ्या. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. जाताना टाकीचा फोटो आणि तापमानाचा तो कागद बरोबर न्या. डॉक्टरांना त्यातून जेवढं कळेल तेवढं कासवाकडे नुसतं पाहून कळणार नाही.

दिवसभर काचेला पंजे मारणं: बहुतेक वेळा जागा कमी पडते. पण वयात आलेली मादी असेल तर तिला अंडी घालायला जागा हवी असू शकते. नर नसला तरी मादी अंडी देते. लांब पुढची नखं आणि जाड लांब शेपटी असेल तो नर, आखूड नखं आणि बारीक शेपटी असेल ती मादी. तिला ओलसर माती-रेतीने भरलेला, तिच्या कवचापेक्षा खोल डबा मिळाला नाही तर अंडी आत अडकतात, आणि त्यात ती दगावू शकते. अस्वस्थपणा आणि न खाणं एकत्र दिसलं तर आधी डबा द्या. दोन दिवसांत काही झालं नाही तर एक्स-रे काढून घ्या.

सहा इंचांपुढचं कासव

इथून पुढे काचेच्या मागे लागू नका. ५०० लिटरची प्लास्टिकची पाण्याची टाकी आडवी कापून केलेला हौद, किंवा अंगण असेल तर सिमेंटचं टाकं, हे आपल्या गावात सगळ्यात स्वस्त आणि चांगलं पडतं. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. म्हणून किमान तीन आठवडे पाणी भरून, दोन-तीन दिवसांनी सोडून, पुन्हा भरत राहा, आणि कासव नंतरच सोडा. खोली दोन फूट ठेवली तर तळाचं पाणी उन्हाळ्यात जरा थंड राहतं. अर्ध्या भागावर ग्रीन नेट, पूर्ण टाक्यावर जाळी, आणि काठ आतल्या बाजूला वळलेला, कारण कासव कोपऱ्यात उभं राहून सहज चढून जातं. गच्चीवरचं टाकं मात्र मे महिन्यात टिकत नाही. स्लॅब खालून तापतो आणि नेटचाही उपयोग राहत नाही. एप्रिलपासून कासव घरातल्या टबमध्ये, सगळ्यात थंड खोलीत हलवायला हवं.

आणि एवढी जागा, एवढा खर्च जमणारच नसेल, तर तेही स्पष्ट मान्य करायला हरकत नाही. मोठी व्यवस्था असलेल्या, अनुभवी माणसाला कासव द्या. पण ते फुटाळ्यात, अंबाझरीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडू नका. जगातल्या शंभर सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या यादीत स्लायडरचं नाव आहे. ते तलावात जगतं, आपल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं, आणि सोबत नेलेले रोग त्यांना देतं. घेणारा माणूस शोधायला दोन महिने लागले तरी चालतील. तोवर मोठ्या टबमध्ये, स्वच्छ पाण्यात आणि रोजच्या उन्हात ते ठीक राहील.